लंगडीचा दुसरा पाय

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या मोठमोठ्या भूमिका-खेळांविषयीं बोलतांना अलीकडे एक मत इतक्या सहजपणें मांडलें जातें कीं, तें केवळ एक मत आहे याचाच बोलणारास विसर पडावा. मत असें: खेळ एकट्याचा आहे, समोर दुसरा माणूस नाहीं, तेव्हां यंत्र जें करूं देईल तें सारें न्याय्य. एखाद्यानें पळवाटेनें अमर्याद सोनें मिळविलें तर कोणाचें काय गेलें? आणि ज्यास ती पळवाट रुचत नसेल त्यानें ती वापरूं नये म्हणजे झालें. या युक्तिवादाचा पूर्वार्ध आम्हांस उथळ वाटतो आणि उत्तरार्ध अर्धवट वाटतो. दोहोंचाहि समाचार घेण्याचा आमचा विचार आहे. कारण प्रश्न वरवर दिसतो तेवढा पोरखेळाचा नाहीं. ज्या खेळांत माणसें शंभर-दोनशें तास घालवितात, जाड्या कादंबरीलाहि मिळत नाहीं एवढा काळ ज्या जगांत वावरतात, तेथें वावरण्याची रीत कोणती असावी, हा वाङ्मयाच्या वाचकांना परका वाटावा असा विषय नव्हे.

हे खेळ ज्यांनीं पाहिले नसतील त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. बेथेस्डा या अमेरिकन संस्थेनें २०११ च्या नोव्हेंबरांत ‘स्कायरिम’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत एक थंड, डोंगराळ, बर्फाळ देश आहे. खेळाडू त्या देशांत एक मनुष्य होऊन उतरतो. त्यानें कोणीकडे जावें, लढवय्या व्हावें कीं मांत्रिक, चोर व्हावें कीं लोहार, हें बहुतांशीं त्याचें त्यानें ठरवावयाचें असतें. अशा खेळांना ‘ओपन-वर्ल्ड’ म्हणतात. एवढें मोठें जग रचावयाचें म्हणजे त्यांत सांधे राहणारच, आणि सांध्यांत फटी राहणारच. त्या फटींतून शिरून फुकटचा लाभ उठविण्याच्या युक्तीला खेळाडू ‘एक्स्प्लॉइट’ म्हणतात. आम्ही तिला पळवाट म्हणूं.

सर्वांत प्रसिद्ध पळवाट टोपलीची. दुकानांत शिरावें, एखादी टोपली किंवा पातेलें उचलावें, आणि तें दुकानदाराच्या डोक्यावर पालथें घालावें. दुकानदार रागावत नाहीं, हलत नाहीं, टोपली काढीत नाहीं. मग त्याच्या डोळ्यांदेखत, म्हणजे खरें तर त्याच्या डोळ्यांआड, सारें दुकान धुऊन न्यावें. या प्रकारावर लोक पोट धरून हंसले, आणि आम्हीहि हंसलों. परंतु हंसून झाल्यावर जी गोष्ट ध्यानांत घ्यावयास हवी होती ती फारशी कोणी घेतली नाहीं. ही फजिती त्या जगाच्या खोटेपणांतून उद्भवलेली नसून त्याच्या खरेपणांतून उद्भवली आहे. दुकानदाराला दृष्टि आहे. ती मध्यें आलेल्या वस्तूनें अडते. आणि टोपली ही नुसती चितारलेली नसून उचलतां, फिरवितां, ठेवतां येणारी वस्तु आहे. हलक्या प्रतीच्या खेळांत दुकानदाराला डोळेच नसतात आणि टोपली जमिनीला चिकटविलेली असते. तेथें अशी चोरी होऊं शकत नाहीं, कारण तेथें कांहींच होऊं शकत नाहीं. डोक्यावर टोपली आली असतां माणसानें काय करावें, एवढें त्या बिचाऱ्याला शिकवावयाचें मात्र राहून गेलें. ती उणीव आपण आपल्या कल्पनेनें भरून काढावयाची, कीं तिच्यावर आपली पोळी भाजून घ्यावयाची, हा निवाडा मग खेळाडूकडे येतो. नाटकांत पडदा अडकला म्हणून प्रेक्षक रंगमंचावर चढून राजाच्या अंगावरचे दागिने काढून नेत नाहींत.

टोपलीची चोरी ही निदान चोरी तरी आहे. थोडा ताण दिला तर ती एखाद्या विनोदी चोराच्या गोष्टींत बसेल. दुसरी जात याहून वाईट. डॉनस्टार नांवाच्या गांवीं खाणीजवळ जमिनींत एक अदृश्य पेटी आहे. फिरत्या व्यापाऱ्यांचा माल यंत्राच्या सोयीसाठीं तींत ठेवलेला असतो. योग्य जागीं नजर रोखली कीं ती उघडते आणि तो सारा माल फुकट हातीं येतो. त्याहून पुढची पायरी काढ्यांची. उपचारविद्येचें बळ वाढविणारा काढा प्याला असतां त्याच्या अंमलांत अंगावर चढविलेल्या मंतरलेल्या वस्तूंचा गुणहि वाढतो. त्या वस्तु काढे करण्याचें कसब वाढविणाऱ्या असल्या, तर पुढचा काढा अधिक तीव्र होतो. तो पिऊन त्याच वस्तु पुन्हां अंगावर घातल्या म्हणजे त्या अधिक गुणकारी. मग काढा आणखी तीव्र. हें रहाटगाडगें कोठेंच थांबत नाहीं. हवें तर एका घावांत ड्रॅगन लोळवील अशी तरवार तयार होते, आणि आकडे फुगतां फुगतां यंत्राच्या मोजमापाबाहेर गेले म्हणजे खेळच कोलमडतो. याच संस्थेच्या २००२ सालच्या ‘मॉरोविंड’मध्यें बुद्धि वाढविणाऱ्या काढ्यांनीं हेंच साधत असे. बुद्धि वाढली कीं काढा चांगला, काढा चांगला कीं बुद्धि वाढली! चक्रवाढ व्याजाच्या सावकारालाहि एवढी बरकत कधीं आली नसेल.

अशा तरवारीचा धनी झाल्यावर त्या देशांत उरतें काय? नवखा खेळाडू प्रथम पर्वतावरच्या मठाकडे सात हजार पायऱ्या चढूं लागतो, तेव्हां वाटेंत बर्फांतून एक पांढरा राक्षस त्याच्यावर धांवून येतो. पुष्कळांनीं तेथें पळ काढला आहे, पुष्कळ मेले आहेत, आणि वर्षें लोटल्यावरहि तो चढ त्यांच्या लक्षांत आहे. व्हाइटरन शहरांत एक छोटें घर ५,००० मोहरांना मिळतें; त्यासाठीं मिळेल तें विकून पैसा जोडणाऱ्याला तें दार पहिल्यानें उघडतांना जें वाटतें तें लक्षाधीशाला वाटत नाहीं. पळवाटेनें राक्षस मरतो आणि घरहि मिळतें. परंतु पर्वत सपाट होतो, आणि घर म्हणजे नुसती सामान टाकण्याची कोठी होते.

आतां ‘कोणाचें काय गेलें?’ या प्रश्नाकडे वळूं. डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनीं १९३८ च्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथांत लबाडी करणारा गडी आणि डाव उधळणारा गडी यांत भेद केला आहे. लबाड गडी नियम पाळण्याचें निदान सोंग तरी करतो. उधळणारा नियमांचें राज्यच नाकारतो, म्हणून इतर गडी त्याच्यावरच अधिक संतापतात. एकट्याच्या खेळांतला पळवाटेचा भोक्ता या दोहोंपैकीं कोणता? लपवावयास त्याच्यासमोर कोणी नाहीं, म्हणून तो लबाड ठरत नाहीं. पण विजयाचें सुख त्याला हवेंच असतें. आपण पराक्रमी आहों, गांवोगांव आपलें नांव झालें आहे, हें त्या चित्रांतल्या माणसांच्या तोंडून त्याला ऐकावयाचें असतें, म्हणून तो उधळणाराहि नव्हे. तो स्वतःशींच रडीचा डाव खेळतो. गमावतो तोच, आणि गमावलें हें त्याला कळूंहि नये अशी व्यवस्थाहि तोच करून ठेवतो.

१९७८ सालीं बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञांनीं ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकांत खेळाची जी व्याख्या केली तिचा मथितार्थ असा कीं, सोपा मार्ग मोकळा असतां आपण होऊन अवघड मार्ग पत्करणें, आणि तो खेळतां यावें एवढ्याचसाठीं पत्करणें, याचें नांव खेळ. गोल्फचा चेंडू हातानें नेऊन खळग्यांत टाकतां येतो. टाकीत कोणी नाहीं. पण हें समजावयास सूट्स वाचलेच पाहिजेत असें नाहीं. आपल्याकडे अंगणांत लंगडी खेळणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीला हें पुरतें ठाऊक असतें. लंगडी घालणारीला दुसरा पाय नसतो असें थोडेंच आहे! तो धडधाकट असतो, आणि टेकला तर चारपांच गडी एका दमांत तिच्या हातीं लागतील. तरीहि ‘पाय टेकून पकडलें तर लवकर पकडतां येतें’ हा शोध लावल्याबद्दल तिची कोणी पाठ थोपटीत नाहीं. जमीन पाय टेकूं देते म्हणून टेकणें न्याय्य होत नाहीं. यंत्रानें करूं दिलें, या म्हणण्यांत याहून अधिक अर्थ आम्हांस दिसत नाहीं.

येथें एक अपवाद मोकळेपणानें मान्य केला पाहिजे. कित्येक खेळाडू खेळ कमींत कमी वेळांत संपविण्याची शर्यत लावतात. मॉरोविंडचे काढे पिऊन कांहीं मिनिटांत तो अवाढव्य खेळ उरकणारे आहेत. त्यांना आमचा आक्षेप मुळींच लागू नाहीं. त्यांच्या शर्यतींचे वर्ग ठरलेले असतात, कोणती पळवाट चालेल आणि कोणती चालणार नाहीं याचे नियम आमच्याहून कडक असतात, आणि एकेक क्षण वांचविण्यासाठीं ते महिनोन्‌महिने घाम गाळतात. तेहि लंगडीच घालतात. पाय तेवढा वेगळा उचललेला असतो.

स्वतःवर घालून घेतलेल्या बंधनाचा दुसरा गुण आम्हांस याहून मोठा वाटतो. स्कायरिमविषयीं एक थट्टा सर्वश्रुत आहे: कोणीहि कसाहि आरंभ केला, गदा घेतली कीं मंत्र घेतले, तरी वीस-तीस तासांनीं तो अंधारांत वाकून चालणारा तिरंदाज झालेला असतो. कारण उघड आहे. लपून मारलेल्या बाणाचा घाव मुळांतच दुप्पट, कसब वाढल्यावर तिप्पट, आणि मरणारास मारणारा दिसत नाहीं. ही कांहीं पळवाट नव्हे, सरळ हमरस्ता आहे; पण तो इतका उतरता आहे कीं सगळें पाणी तिकडेच वाहतें. ‘सिव्हिलायझेशन ४’ या खेळाचे रचनाकार सोरेन जॉन्सन यांनीं, खेळाडूला वाव मिळाला तर तो फायद्याच्या हिशेबांत गमतीचाच बळी देतो, या आशयाचें लिहिलें आहे, आणि तें खरें आहे. मग शंभर निरनिराळ्या माणसांनीं घडविलेले शंभर नायक एकाच सांच्यांतून निघतात. मोकळ्या जगाची ही परिणति पाहून हंसावें कीं रडावें?

याला उपाय एकच, आणि तो खेळाडूच्या हातांत आहे: नकार. ‘माझा हा मनुष्य धनुष्य उचलीत नाहीं.’ ‘ही बाई गरिबाच्या घरांतून दमडीहि चोरणार नाहीं, पण सरदाराच्या वाड्यांत तिला कोणी अडवूं नये.’ असें ठरलें कीं निर्जीव आकड्यांच्या पुतळ्याला स्वभाव येतो. पात्र जें करतें त्यावरून तें ओळखूं येतें, हें अर्धें सत्य आहे. सर्व कांहीं करतां येत असूनहि तें काय करीत नाहीं, यावरून तें अधिक ओळखूं येतें, हें कादंबरीच्या वाचकास सांगावयास नको.

एकच बंधन घ्या. या खेळांत नकाशावर बोट ठेवलें कीं पूर्वी पाहिलेल्या कोणत्याहि ठिकाणीं क्षणांत पोंचतां येतें. तें करावयाचें नाहीं. पायीं जावयाचें, घोड्यावर जावयाचें, किंवा मोठ्या शहरांच्या वेशीबाहेर जी भाड्याची गाडी उभी असते तिच्यांत पैसे देऊन बसावयाचें, एवढेंच ठरवा. लगेच सारा देश बदलतो. खाणावळ ही नुसती शोभेची इमारत न राहतां रात्रीचा आसरा होते. संध्याकाळ झाली, बर्फ पडूं लागलें, पुढचें गांव दूर आहे, तर आतां काय करावें, हा खरा प्रश्न होतो. वाटेंत शिकारी भेटतात, दारूच्या नशेंत गाणारे भेटतात. हीं सारीं कर्त्यांनीं मुद्दाम ठेवलेलीं माणसें नकाशावर उड्या मारणाऱ्याच्या दृष्टीसहि पडत नाहींत. तसेंच मागें फिरण्याचें. चोरी फसली कीं आधीं जतन केलेली स्थिति उघडावयाची आणि झालें तें झालेंच नाहीं असें समजावयाचें, ही तर बहुतेकांची नित्याची सवय. ती ज्यानें सोडली त्याला त्या देशाचे तुरुंग आंतून पाहावयास मिळतात. शिक्षा भोगावी तर कसब बोथटतें, पळावें तर शिपाई पाठीस लागतात. मार्कार्थ शहरांत तर कैद्यांना चांदीच्या खाणींत डांबून राबवितात. कर्त्यांनीं कारागृहें बांधलीं, आणि आपण एक कळ दाबून तीं ओस पाडलीं!

मात्र नेमाचें सोंगहि पुष्कळ चालतें, आणि त्याचीहि कानउघाडणी झाली पाहिजे. एकादशी आणि दुप्पट खाशी ही जात येथेंहि आहे. ‘मी मंत्र वापरीत नाहीं’ असें सांगून अंगावर मंतरलेलीं कडीं-तोडे घालून फिरणारे वीर आम्ही पाहिले आहेत. त्यांच्यापेक्षां उपद्रवी म्हणजे आपला उपास दुसऱ्याच्या ताटांत डोकावून सोडणारे. २०२२ च्या ‘एल्डन रिंग’ या जपानी खेळांत मदतीस आत्मे बोलावण्याची सोय आहे. त्यांना बोलावण्याची घंटा आरंभींच एक जादूगारीण पडक्या देवळापाशीं स्वतः खेळाडूच्या हातांत देते. म्हणजे हें दार कर्त्यांनीं समोर ठेवलें, उघडें ठेवलें, वर दिवाहि लावला. तरी जो त्या दारानें आंत जाईल त्यानें खेळ जिंकलाच नाहीं असा फतवा काढणारे कर्मठ निपजले! त्याच खेळांत दरीपलीकडच्या एका पक्ष्याला बाण मारून चिडवावें, त्यानें धांवत येऊन कड्यावरून पडून मरावें, आणि आपल्या पदरांत हजारों मोहरांचें मोल पडावें. पुन्हां विश्रांतीच्या जागीं बसून उठावें, पुन्हां बाण मारावा, अशी एक पळवाट होती. दार आणि भगदाड यांतला हा फरक ज्यांना दिसत नाहीं त्यांनीं सोंवळ्याओंवळ्याच्या गोष्टी बोलूं नयेत. शिवाय ज्याला कामधंद्यांतून आठवड्याला तीनच तास मिळतात, किंवा ज्याचे हात पूर्ववत्‌ चालत नाहींत, त्यानें सोपी वाट धरली तर त्याला नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, त्यांनाहि नाहीं. नेम हा ज्याचा त्यानें धरावयाचा असतो.

एवढें खेळाडूस सांगितल्यावर कर्त्यांस सोडून देणें हा पक्षपात होईल. कारण ‘रुचत नसेल तर वापरूं नका’ हें वाक्य अलीकडे त्यांच्या कैवाऱ्यांच्या तोंडीं ढालीसारखें असतें. नेम धरल्यानें खेळांत कांहीं भर पडत असेल तर तो खेळाडूचा अलंकार. पण नेम धरल्यावांचून खेळ उभाच राहत नसेल तर तें कर्त्याचें देणें आहे, आणि तें खेळाडूच्या खात्यावर लिहिणें बरोबर नाहीं. २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’चें उदाहरण बोलकें आहे. त्यांत खेळाडू जसा वाढेल तसे शत्रुहि वाढत. परिणाम असा कीं, कांहीं काळानें वाटमारे हजारों मोहरांचें काचेचें चिलखत घालून शंभर मोहरांसाठीं रस्ता अडवूं लागत. गुणांची वाढ उत्तम व्हावी म्हणून हिशेबी खेळाडू जीं कसबें आपण वापरणार नाहीं तींच ‘मुख्य’ म्हणून निवडीत, म्हणजे वाढ आपल्या हातीं राहते; आणि सरळ मनानें खेळणारा मात्र शत्रूंच्या मागें पडत जाई. येथें जो भोळा तोच फसला. पांच वस्तूंवर मंत्र घालून पूर्णपणें अदृश्य व्हावें आणि जगानें आपणांस पाहूंच नये, ही सोयहि तेथेंच होती. तें टाळणें खेळाडूच्या हातीं होतें, वाढीचें त्रांगडें टाळणें नव्हतें. २०२५ मध्यें तो खेळ नव्या रूपांत आणतांना कर्त्यांनीं ती वाढीची रीत बदलली. उशीरां का होईना, पण देणें कोणाचें होतें तें कबूल झालें.

याचा अर्थ सर्व फटी लिंपून टाका असा मात्र कोणी करूं नये. चाहत्यांच्या एका अनधिकृत दुरुस्तीनें स्कायरिममधली काढ्यांची पळवाट बुजविली, तेव्हां कित्येकांनीं कुरकुर केली. ती आम्हांस सर्वस्वीं अनाठायीं वाटत नाहीं. दुसऱ्यानें दार बंद केल्यावर आंत न जाण्यांत कसला नेम? आणि लिंपणारे हात एकदां चालूं लागले कीं कोठें थांबतील याचा नेम नाहीं. मॉरोविंडमध्यें हवेंतून उडतां येत असे; ऑब्लिव्हियनमध्यें शहरें तटाआड निराळीं कोंडलीं गेलीं आणि उड्डाण गेलें. स्वतः मंत्र रचण्याची विद्या ऑब्लिव्हियनपर्यंत टिकली. स्कायरिममध्यें तीहि नाहीं.

मधला मार्ग आहे, आणि तो कोणी चाललाच नाहीं असेंहि नव्हे. ऑब्सिडियन या संस्थेनें २०१० च्या ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’मध्यें एक कठोर रीत ठेवली: ती पत्करली तर भूक, तहान, झोंप सांभाळावी लागते, बंदुकीच्या गोळ्यांनाहि वजन असतें, औषध घेतलें तरी जखम हळूहळू भरते. पत्करा अथवा पत्करूं नका; पण पत्करणाऱ्याच्या नेमाची दखल ते जग घेतें. स्कायरिमला अशी रीत २०१७ सालीं जोडली गेली, तीहि वरून शिवलेल्या ठिगळासारखी.

याहूनहि आम्हांस जुन्या मॉरोविंडची एक लकब अधिक आवडते. ऑब्लिव्हियनमध्यें कथानकास अवश्य असलेला माणूस मारूं गेलें तर तो मरतच नाहीं. मूर्च्छा येऊन पडतो आणि अंग झटकून उठतो. खेळाडूवर विश्वास नाहीं म्हणून त्याच्या तरवारीची धार काढून घेतलेली! मॉरोविंडमध्यें तोच माणूस मरतो. मग पडद्यावर चार ओळी उमटतात: भविष्यवाणीचा धागा तुटला आहे, मागें जावयाचें असेल तर जा, नाहीं तर या बुडालेल्या जगांत तसेच राहा. पुढें खेळ चालूच राहतो. वाट चुकलेल्यासाठीं एक खडतर आडवाटहि ठेवलेली असते. खेळाडूला जाणता समजून, त्याच्या कृतीचा परिणाम त्याच्या पदरांत टाकून, निवड त्याच्यावर सोडणें एवढेंच हें आहे. जें २००२ सालीं साधलें होतें तें पुढें त्याच संस्थेला नकोसें कां झालें, याचा खुलासा तिनें करावयास हवा होता.